३६७ दिवसांचं वर्ष

तुर्कस्तानातल्या बँका परदेशातून कर्ज उचलतात, त्याच्या बातम्या साधारण वर्षातून दोनदा येतात. एकदा वसंतात, एकदा शरदात. रक्कम बदलते, व्याज बदलतं, देणाऱ्या बँकांची नावं मागंपुढं होतात. एक आकडा मात्र सहसा जागचा हलत नाही. मुदत: ३६७ दिवस.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा छपाईची चूक वाटली. मग दुसऱ्या बँकेच्या बातमीतही तेच दिसलं आणि तिसरीच्याही. वर्ष ३६५ दिवसांचं, फार तर ३६६. मग हे ३६७ कुणी आणि कशाला मोजले? कालगणनेत जोडतोड आपल्याला नवी नाही. आपल्याकडे तिथीचा क्षय होतो, अधिक महिना येतो. पण ती जोडतोड चंद्राचा आणि सूर्याचा मेळ घालायला. हे वरचे दोन दिवस कोणत्या ग्रहाचे?

त्या दोन दिवसांचा माग काढत निघालो आणि भलतीकडंच भटकून आलो. सुरुवात झाली सर्बियातल्या एका गावापासून.

पिरोत हे ते गाव. १८६३ मध्ये ते उस्मानी साम्राज्यात होतं आणि त्या मुलखाचा कारभार मिधात पाशा नावाच्या सुभेदाराकडं होता. शेतकरी सावकाराच्या कचाट्यात सापडलेले. ही गोष्ट कुठल्याही गावात, कुठल्याही भाषेत सुरू होऊ शकते. पाशानं काढलेली तोड मात्र मोठी गमतीची होती. गावाच्या शिवारात जी सरकारी पडीक जमीन होती, ती गावकऱ्यांनी मिळून नांगरायची, मिळून पेरायची, मिळून काढायची. पीक विकून आलेला पैसा एका पेटीत टाकायचा आणि ज्याला गरज त्यानं जामीनदार देऊन, महिना एक टक्का व्याजानं त्या पेटीतून कर्ज घ्यायचं. अशा मिळून केलेल्या कामाला तुर्की भाषेत 'इमेजे' म्हणतात. आपल्याकडे त्याला इर्जिक म्हणतात: ज्याच्याकडे बैल कमी, त्याच्या रानात साऱ्या गावाचे नांगर एका दिवशी येतात आणि संध्याकाळी त्याच्या घरी पंगत बसते.

त्या पेट्यांचं नाव होतं 'मेमलेकेत सांदुक्लारी'. मुलखाच्या संदुका! आणि त्या संदुकांतून १८८८ मध्ये जी बँक उभी राहिली तिचं नाव 'झिराअत'. शब्द ओळखीचा वाटतो ना? आपलं जिराईत तेच. मूळ अरबी शब्द 'शेती' या अर्थाचा. तो पश्चिमेकडे गेला आणि बँकेच्या पाटीवर चढला, आपल्याकडे आला आणि सातबाऱ्यावर बसला. झिराअत ही आज तुर्कस्तानातली सगळ्यात मोठी बँक आहे. मालकी सरकारची, २०१७ पासून ती तुर्कस्तानच्या राष्ट्रीय संपत्ती निधीच्या छत्राखाली आहे. तिच्या जोडीला हाल्कबँक, म्हणजे खल्काची, जनतेची बँक आणि वाकिफबँक, जिचं मूळ वक्फांच्या पैशात आहे. नावं अशी की तुर्की शिकायची गरजच पडू नये.

गावकऱ्यांच्या इर्जिकीतून जन्मलेली बँक आता परदेशातून कर्ज काढते तेही इर्जिकीनंच. तिथं त्याला सिंडिकेटेड कर्ज म्हणतात. नांगर जगभरच्या बँकांचे असतात, एवढाच फरक.

एवढ्या मोठ्या बँकेला कर्ज लागतंच कशाला? ठेवी आहेत की. पण बँकेच्या ठेवी म्हणजे लोकांची सवय, आणि कर्जदारांची गरज त्या सवयीप्रमाणं चालत नाही. निर्यातदाराला कच्चा माल डॉलरमध्ये आणायचा असतो, कारखान्याला युरोमध्ये यंत्र हवं असतं. म्हणून या कर्जांच्या घोषणेत बहुतेक वेळा 'परदेशी व्यापाराच्या अर्थपुरवठ्यासाठी' असं कारण लिहिलेलं असतं. रक्कमही दोन भागांत येते, काही डॉलर, काही युरो.

आता १०० कोटी डॉलर एकटी कुठलीही बँक सहज देणार नाही. पैसे नसतात म्हणून नव्हे. प्रत्येक बँकेच्या वहीत प्रत्येक देशापुढं एक मर्यादा लिहिलेली असते आणि त्या देशातल्या प्रत्येक बँकेपुढं आणखी एक. समजा, तैपेईतली एक मध्यम आकाराची बँक आहे. तुर्कस्तानासाठी तिची मर्यादा अमुक, त्यातली निम्मी भरलेली. तिच्या टेबलावर निमंत्रण येतं. सोबत दोन पानांचा अटींचा गोषवारा आणि एक तक्ता: पाच कोटी डॉलर घातलेत तर तुमचा दर्जा हा आणि सुरुवातीची फी एवढी, तीन कोटी घातलेत तर दर्जा एक पायरी खाली, फी त्याहून कमी, एक कोटी घातलेत तर नुसत्या 'सहभागी'. लग्नाच्या आहेरासारखंच हे. किती दिलं यावरून कुठं बसायचं ते ठरतं. आणि सिंडिकेटमध्ये ते अक्षरशः छापलं जातं. कर्ज पार पडलं की अर्थविषयक वर्तमानपत्रात एक चौकट येते: वर कर्जदाराचं नाव, मध्ये रक्कम, खाली बँकांची नावं दर्जाच्या उतरंडीनं. या चौकटीला त्या धंद्यात 'टूम्बस्टोन' म्हणतात, म्हणजे थडग्यावरचा दगड! जाहिरातीचा मजकूर तसा कोरडा आणि मधोमध असतो म्हणून. तीच चौकट पारदर्शक ठोकळ्यात बसवून बँकर मंडळी टेबलावर मिरवतात.

तैपेईची बँक अडीच कोटी लिहून देते. नफा? मार्जिनकडं पाहिलं तर हसू येईल इतका. पण त्या बँकेचे स्वतःचे ग्राहक तुर्कस्तानाशी व्यापार करतात. त्यांची पतपत्रं, हमीपत्रं, पैशांची पाठवापाठव यांतलं काहीतरी झिराअतसारख्या बँकेकडून आपल्याकडे वळेल, हा खरा हिशोब असतो. कर्ज ही पंगत, धंदा नंतरचा. ज्यानं एखाद्या वर्षी पाठ फिरवली त्याची आठवण पुढच्या वर्षी ठेवली जाते.

अशा वीस-तीस बँका एकत्र येतात. अनेकींनी एकमेकींचं तोंड पाहिलेलं नसतं. दर्जानं वरच्या काही बँका जुळवाजुळव करतात, त्या 'अरेंजर'. एक बँक 'एजंट' होते: कर्जदाराकडून पैसे तिनं घ्यायचे आणि ज्याच्या त्याच्या वाट्याप्रमाणं वाटायचे, नोटिसा तिनं पाठवायच्या, मतं तिनं मोजायची. होय, मतं. मुद्दल किंवा व्याज कमी करायचं तर सर्वांची संमती लागते. बाकी बहुतेक गोष्टी दोन तृतीयांश वजनाच्या बहुमतानं ठरतात, माणशी एक मत नव्हे तर रुपयामागं एक मत. काही करारांत एक खट्याळ कलम असतं. ठरलेल्या दिवसांत उत्तर दिलं नाही, तर तुमचं मत मोजणीतूनच वगळायचं. झोपला तो संपला.

भिशीपेक्षा हे वेगळं कुठं? भिशीत कुणी बुडवलं तर चालवणाऱ्याच्या गळ्याशी येतं. इथं पहिलंच कलम सांगतं की प्रत्येक बँक फक्त स्वतःच्या वाट्यापुरती बांधील आहे. तैपेईनं ऐनवेळी पैसे पाठवले नाहीत तर सिंडिकेटमधल्या, समजा, व्हिएन्नाच्या बँकेनं ते भरून द्यायचे नाहीत. उलट बाजूनं मात्र बंधन कडक: एखाद्या बँकेनं कर्जदाराकडून परस्पर आपल्या वाट्याहून जास्त वसूल केलं, तर ते सगळ्यांत वाटून घ्यायचं. देताना ज्याचं त्याचं, घेताना सगळ्यांचं.

आता खरं आश्चर्य. सह्या झाल्या, दिवस ठरला, १०० कोटी डॉलर 'तुर्कस्तानात गेले'. पण ते कुठंच गेलेले नसतात. तैपेईच्या बँकेचे डॉलर न्यूयॉर्कमधल्या एखाद्या मोठ्या बँकेतल्या तिच्या खात्यात असतात, व्हिएन्नाच्याही तशाच, झिराअतच्याही. सगळं घडतं ते न्यूयॉर्कच्या वह्यांमध्ये: या खात्यात नावे, त्या खात्यात जमा. अखेरीस हिशोब अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या पुस्तकापर्यंत पोचतो आणि तिथंच थांबतो. हुंडीच्या काळात आपले पेढीवाले हेच करत. चांदी पेठेत, कागद प्रवासात. इथं तर कागदही हलत नाही.

म्हणजे डॉलरला अमेरिकेबाहेर जाताच येत नाही; आणि तरीही अमेरिकेबाहेरच्या डॉलरचा प्रचंड बाजार आहे. हे कोडं पहिल्यांदा व्यवहारात आणलं त्यांत सोव्हिएत रशिया होता, हे मला आजही खोटं वाटतं. शीतयुद्ध पेटलेलं. अमेरिकेतल्या बँकांत आपल्या नावानं डॉलर ठेवले आणि उद्या तिथल्या सरकारनं गोठवले तर? म्हणून १९५०च्या दशकात सोव्हिएतांनी ते पॅरिसमधल्या आणि लंडनमधल्या स्वतःच्या बँकांच्या नावे ठेवले. न्यूयॉर्कच्या वहीत आता रशियाऐवजी युरोपातल्या एका बँकेचं नाव आलं. पॅरिसमधल्या त्या सोव्हिएत मालकीच्या बँकेचा तारेचा पत्ता होता 'युरोबँक', आणि तिथून मिळणारे डॉलर ते 'युरोडॉलर'. भांडवलशाहीच्या या सगळ्यात मोठ्या मोकळ्या बाजाराचं बारसं एका कम्युनिस्ट सरकारी बँकेच्या पत्त्यावरून झालं.

हे डॉलर लंडनमध्ये साचू लागले. ठेवी तीन महिन्यांच्या, सहा महिन्यांच्या. कर्ज मागणारे म्हणत, पाच वर्षं द्या. सहा महिन्यांच्या पैशावर पाच वर्षांचं कर्ज ठरलेल्या व्याजानं दिलं आणि मध्येच ठेवींचे दर वाढले, तर देणारा मेला. ही गाठ सोडवणाऱ्यांत क्रीट बेटावर जन्मलेला एक बँकर होता, मिनोस झोंबानाकिस. अमेरिकेच्या मॅन्युफॅक्चरर्स हॅनोवर बँकेचं लंडनमधलं काम तो बघत असे. १९६९ मध्ये त्यानं शहाच्या इराणसाठी आठ कोटी डॉलरचं कर्ज अनेक बँका गोळा करून उभं केलं, आणि व्याज ठरवलंच नाही! ठरवली ती पद्धत. दर मुदतीच्या तोंडावर या बँकांनी सांगायचं की आज आम्हाला लंडनमध्ये पैसा कितीला पडतोय. त्याची सरासरी काढायची, वर ठरलेलं मार्जिन चढवायचं आणि पुढची मुदत त्या व्याजानं चालवायची. भाजीवाल्याला तुम्ही वर्षभराचा भाव विचारत नाही. 'मंडईत जो निघेल त्यावर दोन रुपये' एवढंच ठरवता. त्या सरासरीला पुढं नाव मिळालं लायबॉर.

पुढची चार दशकं जगातलं कितीतरी कर्ज 'लायबॉर अधिक इतकं' या भाषेत बोललं गेलं. ज्या आकड्यावर जग चालतं तो काही बँका स्वतःच सांगतात, हे लक्षात आल्यावर जे व्हायचं तेच झालं. आकडे वाकवल्याबद्दल २०१२ मध्ये बार्कलेजला मोठा दंड झाला, पाठोपाठ इतरांनाही. ३० जून २०२३ नंतर डॉलरचा लायबॉर सांगणाऱ्या बँकांचं मंडळ बंद झालं. आता त्याच्या जागी सोफर आहे: अमेरिकी सरकारी रोखे तारण ठेवून एका रात्रीसाठी जी उसनवारी प्रत्यक्ष झाली तिच्यावरून न्यूयॉर्कची फेडरल रिझर्व्ह बँक रोज सकाळी काढते तो दर. सांगोवांगीची जागा नोंदीनं घेतली.

इराणचं नाव आलंच आहे, तर त्या १९६९ च्या कर्जापासून दहा वर्षं पुढं जाऊ. एका कलमात किती दारू भरलेली असते ते तिथं दिसतं.

१९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या चेस मॅनहॅटन बँकेच्या पुढाकारानं इराणला ५० कोटी डॉलरचं असंच कर्ज मिळालं होतं. मग क्रांती झाली, शहा गेला. ४ नोव्हेंबर १९७९ला तेहरानमधला अमेरिकी दूतावास ताब्यात घेतला गेला. या कर्जाचं चाळीस लाख डॉलरच्या आसपास व्याज १५ नोव्हेंबरला देणं होतं. ते चेसच्याच लंडनमधल्या आमच्या खात्यातून वळतं करून घ्या, असं इराणच्या मध्यवर्ती बँकेनं कळवलेलं होतं. १४ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी इराणची अमेरिकी ताब्यातली सगळी मालमत्ता गोठवली. एका दिवसाचं अंतर! दुसऱ्या दिवशी चेसनं सांगितलं, खातं गोठलेलं आहे, वळतं करता येत नाही, सबब व्याज आलेलं नाही. मग सिंडिकेटची मतं घेतली गेली, अमेरिकी बँकांचं वजन भारी ठरलं आणि इराण थकबाकीदार म्हणून जाहीर झाला. पैसे खात्यात, मालक द्यायला तयार, आणि तरी थकबाकीदार. अमेरिकेबाहेरच्या बँकांनी यावर आक्षेप घेतला.

पण तोवर दुसरं कलम जागं झालं होतं. मोठ्या कर्जांच्या करारांत लिहिलेलं असतं की कर्जदार इतर कुठल्याही कर्जात थकला, तर तो इथंही थकल्याचं धरता येईल. आगपेटीतल्या काड्यांसारखे करार एकमेकांना चिकटलेले असतात. बँका इराणच्या जगभरच्या मालमत्तेवर टाच आणायला धावल्या. मॉर्गन गॅरंटीनं तर जर्मनीतल्या क्रुप या पोलाद कंपनीतल्या इराणच्या हिश्श्यावर टाच आणली. चाळीस लाखांच्या व्याजाची ठिणगी तेहरानहून निघून लंडनमार्गे क्रुपच्या भट्टीपर्यंत पोचली.

सरकारी बँकेच्या करारात आणखी एक कलम असतं; मला ते सगळ्यात नाट्यमय वाटतं. जुना संकेत असा की एका राजानं दुसऱ्या राजाला आपल्या दरबारात आरोपी म्हणून उभं करायचं नाही. आता बँकेची मालकी सरकारची, म्हणजे ती थोडीबहुत राजाच की. उद्या पैसे बुडाले आणि तिनं 'मी सरकार आहे, माझ्यावर दावा चालत नाही' म्हटलं तर? अमेरिकेनं १९७६ मध्ये आणि ब्रिटननं १९७८ मध्ये कायदे करून व्यापारी व्यवहारांपुरतं हे कवच काढून घेतलं. तरीही वकील लोक करारात लिहून घेतातच: आम्ही सरकारी मालकीचे असलो तरी हे कवच आम्ही आजच उतरवून ठेवतो. कायदा इंग्लंडचा. कर्जदार तुर्की, देणारे तैवानी, ऑस्ट्रियन, अरब. भांडण झालं तर बहुधा लंडनच्या कोर्टात. आणि कोर्टाची नोटीस अंकारा-इस्तंबूलला पाठवायची खटपट नको म्हणून ती घ्यायला लंडनमध्ये एक माणूस किंवा कचेरी आधीच नेमलेली असते. भांडणाचा पत्ता सलोख्याच्या दिवशीच ठरतो. जोडीला हेही येतं की सरकारनं बँकेतला आपला बहुसंख्य हिस्सा विकला तर पैसे परत मागता येतील. म्हणजे आज कवच उतरवून ठेव म्हणायचं आणि राजाशी नातंही तोडू नकोस म्हणायचं!

हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. इराणवरच्या निर्बंधांतून पळवाट काढायला मदत केल्याचा आरोप ठेवून अमेरिकेनं २०१९ मध्ये हाल्कबँकेवर फौजदारी खटला भरला. बँकेनं आरोप नाकारले आणि म्हटलं, आम्ही एका सार्वभौम देशाची संस्था आहोत. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालय म्हणालं की १९७६ चा कायदा फौजदारी खटल्यापासून संरक्षण देत नाही. पण त्याही आधीपासून चालत आलेल्या संकेतांचं काय, ते खालच्या कोर्टानं पुन्हा तपासावं. बँक राजा की व्यापारी, याचा एकाच शब्दात निकाल लागत नाही तो असा.

परकी कर्जाबाबत तुर्कस्तानची कातडी एरवीही हळवी. उस्मानी सुलतानानं पहिलं परदेशी कर्ज क्रिमियन युद्धाच्या धांदलीत १८५४ मध्ये घेतलं. वीस-एकवीस वर्षांत दिवाळं निघालं आणि १८८१ मध्ये सावकार देशांच्या प्रतिनिधींचं एक मंडळ इस्तंबूलमध्येच बसलं. मीठ, तंबाखू, रेशीम अशा कित्येक गोष्टींवरचा महसूल ते मंडळ स्वतःची माणसं नेमून थेट गोळा करी. साम्राज्य बुडालं, खलिफा गेला, प्रजासत्ताक आलं. त्यानं आपल्या वाट्याचा शेवटचा हप्ता फेडला तो १९५४ मध्ये. शंभर वर्षं. त्या मंडळाच्या देखण्या इमारतीत आज एक शाळा भरते.

आता आपल्या दोन दिवसांकडं येऊ. तुर्कस्तानची मध्यवर्ती बँक प्रत्येक बँकेला सांगते की बाहेरून आणलेल्या पैशातला काही भाग माझ्याकडं राखीव ठेव. हा भाग मुदतीप्रमाणं बदलतो. वर्षापर्यंतचा पैसा चंचल, म्हणून त्यावर राखीव जास्त. वर्षाहून लांबचा पैसा स्थिर, त्यावर कमी. मग कर्ज वर्षाच्या उंबरठ्यापलीकडं एक पाऊल टाकेल असं बेतायचं. ३६५ म्हणजे उंबऱ्यावरच. ३६६ म्हणजे लीप वर्षात पुन्हा उंबऱ्यावरच. ३६७ म्हणजे कुठल्याही वर्षी पलीकडं. 'चंचल' पैसा दोन दिवसांत 'स्थिर' होतो. कायद्याला वर्ष दिसतं, बँकरला दिवस दिसतात.

हाच खेळ उलट बाजूनंही चालतो. पाश्चात्त्य बाजारात एक काळ ३६४ दिवसांच्या कर्जमर्यादांची लाटच होती. बँकांनी किती भांडवल राखायचं ते सांगणाऱ्या १९८८ च्या बाझल नियमांनुसार, कबूल केलेल्या पण न उचललेल्या कर्जासाठी, मुदत एक वर्षापर्यंत असेल तर बँकेला भांडवल बाजूला ठेवावं लागत नसे. वर्षाहून एक दिवस जास्त झाला की ठेवावं लागे. म्हणून तिथं देणाऱ्या बँका उंबऱ्याच्या अलीकडं थांबल्या, इथं घेणाऱ्या बँका पलीकडं गेल्या. एकाच धंद्यात ३६४ चं वर्ष आणि ३६७ चं वर्ष शेजारीशेजारी नांदतात.

तिसरं वर्ष तर आणखी मजेचं. डॉलरच्या कर्जावर व्याज मोजताना वर्ष धरतात ३६० दिवसांचं, आणि दिवस मात्र प्रत्यक्ष जितके झाले तितके. हात-कॅलक्युलेटरच्या आधीच्या काळातली ही सोय. १२ महिने गुणिले ३०, भागाकार सोपा. सोय गेली, रीत राहिली. करून बघा. १०० कोटी डॉलर, सहा टक्के, ३६७ दिवस. ३६५ नं भागलं तर व्याज होतं सुमारे ६ कोटी ३ लाख २९ हजार डॉलर. ३६० नं भागलं तर ६ कोटी ११ लाख ६७ हजार. फरक आठ लाख अडतीस हजार डॉलरच्या घरात. पौंडाचं कर्ज असतं तर तो पडला नसता, कारण पौंडाचं वर्ष ३६५ चंच. पाच दिवसांचं भाडं कुणाच्या तरी खिशातून जातं आणि करार वाचणाऱ्यालाही ते जाणवत नाही.

मुदत संपली की काय? फेडायचं, आणि त्याच दिवशी नवं घ्यायचं. याला रोलओव्हर म्हणतात आणि बाजाराचा जीव तिथं टांगलेला असतो. २०१८ चा उन्हाळा घ्या. वर्षाच्या सुरुवातीला डॉलरला चार लिरांच्या आत असलेला भाव ऑगस्टच्या मध्याला काही काळ सातच्या पलीकडं गेला. अमेरिकेशी भांडण पेटलेलं, तुर्की पोलादावरचं आयातशुल्क दुप्पट झालेलं. शरदातली कर्जं तोंडावर आलेली. बँका पुन्हा पंगतीला येतील का? सप्टेंबरअखेर अकबँक या खासगी बँकेचं कर्ज पहिलं पार पडलं, ९८ कोटी डॉलरचं. बँका आल्या, पण वसंतात लायबॉरवर १.३० टक्के मार्जिन मागणाऱ्या बाजारानं आता २.७५ मागितले. एका उन्हाळ्याची किंमत दुपटीहून जास्त. कुणी भाषण केलं नाही, कुणी पाठ फिरवली नाही. नुसता दशांशचिन्हाभोवतीचा आकडा बदलला.

याच पंगतीला मुंबईही बसते. नरिमन पॉइंटवरच्या स्टेट बँकेनं फेब्रुवारी २०२३ मध्ये १०० कोटी डॉलरचं सिंडिकेटेड कर्ज उचललं. जुळवाजुळव जपानची एमयूएफजी आणि तैवानची तैपेई फुबॉन यांची, आणि पैसा सामाजिक कामांच्या कर्जांसाठीच वापरायचा अशी अट. आशियातल्या अशा कर्जांत तैवानी बँका हटकून दिसतात. त्यांच्याकडे ठेवी भरपूर आणि घरच्या बाजारात व्याज कमी.

राहता राहिली एक शंका. ३६७ वा दिवस शनिवारी आला तर? डॉलरचं कर्ज फेडायला न्यूयॉर्क उघडं हवं, करारात बहुधा लंडनही असतं आणि इस्तंबूलही. एखाद्या गावी बँका बंद, कुठं बायराम म्हणजे ईदची सुट्टी, कुठं थँक्सगिव्हिंग. नियम असा की पुढच्या कामाच्या दिवशी फेडायचं. शनिवारचा सोमवार होतो आणि ३६७ चे ३६९. पण तो सोमवार पुढच्या महिन्यात पडत असेल, तर नियम फिरतो आणि आदल्या कामाच्या दिवसावर येतो. शुक्रवार. म्हणजे ३६६, आणि लीप वर्ष असलं तर पुन्हा उंबऱ्यावर. म्हणून सह्यांची तारीख धरण्याआधी कुणीतरी तीन शहरांच्या सुट्ट्यांच्या याद्या शेजारीशेजारी ठेवून पुढच्या वर्षीचा वार बघून घेतं, आपण लग्नाची तारीख धरताना कालनिर्णय उघडतो तसं.